अंगठा दिला, म्हणून माणूस विकला गेला का?

घेतलेले कर्ज फेडावे, दिलेला शब्द पाळावा, हा आपल्याकडचा जुना धर्म. शब्दाखातर बायकोमुलासकट विकला गेलेला हरिश्चंद्र म्हणूनच पूज्य ठरला. पण कर्ज एका लग्नापुरते आणि फेड जन्मभराची, तीही बायकोसह, असा शब्द असेल तर? तो मोडणे पाप आहे का?

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात हा प्रश्न पोथीतला नव्हता. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेई, वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवी आणि ‘लग्नगडी’ होई. नवराबायको दोघे राबत. हिशेब मात्र सावकाराच्या वहीत, आणि ती वही मिटत नसे. स्वतःला हरलेला माणूस मला पणाला कसा लावू शकतो, असे द्रौपदीने भर सभेत विचारले, तेव्हा भीष्मालाही धड उत्तर देता आले नाही. लग्नगड्याच्या बायकोला विचारायला सभासुद्धा नव्हती.

ती सभा गोदावरी परुळेकरांनी भरवली. पुण्याच्या गोखल्यांची ही मुलगी, जन्म १९०७ चा. कायद्याची पदवी घेतलेली, भारत सेवक समाजाची पहिली महिला आजीव सदस्य. पती शामरावांसह त्या किसान सभेच्या कामात उतरल्या आणि पाड्यापाड्यांत राहिल्या. २३ मे १९४५ रोजी झरी गावच्या परिषदेला हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आणे रोख रोजाशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर पाऊल ठेवायचे नाही, असे तिथे ठरले.

शिकलेल्या बाईने अडाण्यांना चिथावले, असा जमीनदारांचा आरोप होता. तो गंभीरपणे तपासायलाच हवा. भुकेने दिलेला होकार खरा नसेल, तर पुढाऱ्याच्या शब्दावर दिलेला नकार तरी खरा कशावरून? याचे उत्तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिळाले. १० तारखेला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच आदिवासी गेले. जेठ्या गांगड त्यांतला एक. परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढले. तरीही वारल्यांनी पुकारलेला गवतकापणीचा संप मोडला नाही. पुढारी समोर नसताना, गोळ्या डोळ्यांदेखत सुटलेल्या असताना माणसे ‘नाही’ म्हणत राहिली. तो नकार त्यांचा स्वतःचाच होता. गोदूताईंच्या साऱ्या राजकीय आयुष्यात याहून मोठे काही घडले असे वाटत नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्षपद आले, तरीही.

असाच अंगठा सातासमुद्रापार फिजीलाही पोचला होता. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर भारतीय ऊसमळ्यांवर पाच वर्षांच्या कराराने, ‘गिरमिटा’ने, गेले. त्यांतल्याच एकाचा नातू, शेतकरी संघटनेतून वर आलेला महेंद्र चौधरी, १९९९ मध्ये फिजीचा पंतप्रधान झाला. 

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, निःसंदिग्ध सांगितले : भूक आणि गरिबी यांची सक्ती हीसुद्धा सक्तीच; किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे म्हणजे वेठच. झरीच्या परिषदेने हेच सदतीस वर्षे आधी ठरवले होते.

जव्हार-मोखाड्याची कुटुंबे आजही दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. बोईसरच्या नाक्यावर सकाळी डबा हातात धरून मजूर ठेकेदाराची वाट पाहतात. सगळेच बांधलेले नसतात. पण उचल फिटेपर्यंत कुणाला अडवून ठेवले असेल, तर शब्द पाळण्याचा धर्म त्याला सांगू नये. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दच ठरवले आहे आणि त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. असा मजूर दिसला, तर तहसीलदाराकडे किंवा पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या.