न दिलेलं घेणं आणि चित्र काढणं



विहारात किंवा कुणाच्या घरी जमलो की आपण पंचशील म्हणतो. दुसऱ्या शीलापाशी सहसा कुणी अडखळत नाही, कारण चोरी आपल्यापैकी कुणी करत नाही. पण पाली शब्द नीट पाहा. अदिन्नादान म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं. आता मला सांगा, अनोळखी माणसाचं त्याला न विचारता चित्र काढलं, तर त्याचं काही घेतलं जातं का?

हा प्रश्न माझ्या घरात आला तो भाचीमुळे. ती महाराष्ट्रात चित्रकला शिकते. या उन्हाळ्यात तीन आठवडे लंडनला माझ्याकडे राहिली आणि दोन वह्या भरून स्केचेस करून गेली. ब्रिटिश म्युझियममधल्या अमरावती स्तूपाच्या शिल्पांसमोर ती तासन्‌तास बसे. (त्यातल्या जुन्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात नाहीत, रिकामं आसन, पावलं, बोधिवृक्ष दिसतो. मुलांना एकदा जरूर दाखवा.) यातले बरेचसे दगड सर वॉल्टर इलियट यांनी १८४५ मध्ये खणून काढले आणि १८५९ मध्ये ते लंडनला आणले गेले. भाची म्हणाली, ‘त्यांनी दगड उचलला, मी फक्त रेघ नेते. पेन्सिलीनं दगड जागचा हलत नाही.’

मला अजिंठा आठवला. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी घेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच १८८५ मध्ये इथेच साउथ केन्सिंग्टनला आगीत जळाल्या. उरलेल्या व्ही अँड ए म्युझियममध्ये आहेत. पण मूळ चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं, आणि ते पुढे त्या चित्रांनाच बाधलं. हेतू चांगला होता.

भिंतीचं हे, तर माणसाचं काय? एका पहाटे स्टेशनवर तिनं सफाईकाम करणाऱ्या एका बाईंचं चित्र काढलं. वाकलेली पाठ, मॉप, पिवळं जाकीट. चेहरा जवळजवळ नाहीच. बाईंच्या लक्षात आलं. त्या जवळ आल्या, वही पाहिली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘माझं तोंड कुठं आहे? आता माझी सुट्टी आहे, बसते. काढ.’ टोपी काढून, केस सारखे करून त्या दहा मिनिटं ताठ बसल्या. ते दुसरं चित्र काही जमलं नाही. पहिलं मात्र फार सुंदर आहे, हे मीही कबूल करते.

इथल्या कायद्यानं सार्वजनिक जागी कुणाचं स्केच करायला मनाई नाही. पण शील काही कायद्यापाशी थांबत नाही. आणि कम्माचं मूळ चेतनेत आहे, माझी चेतना शुद्ध होती, एवढं म्हणूनही सुटता येत नाही. व्हार्निश लावणाऱ्याचीही शुद्धच असेल. आपल्याला तर हे इतरांआधी कळायला हवं. १८६८ ते १८७५ मध्ये ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड लंडनमध्ये निघाले. त्यात आपल्या देशातल्या माणसांचे फोटो, आणि अनेकांच्या खाली नावाऐवजी नुसती जात किंवा जमात. माणूस नव्हे, नमुना.

म्हणून पाहूच नये का? तसंही नाही. अस्पृश्यतेत नजर टाळणंही होतंच. आपल्या आज्या-आजोबांची सावली चुकवत जाणाऱ्यांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला असेल? त्या स्टेशनवर लोक रोज बाईंना वळसा घालून जातात. त्या पहाटे थांबून त्यांच्याकडे पाहिलं ते माझ्या भाचीनं. त्यामुळे ‘विचारल्याशिवाय पेन्सिल उचलू नये’ हा नियम मला पटत नाही. विचारलं की माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा अवघडतो. माझं मत असं, की काढणं ही चोरी नाही. पण ‘यात मी कुठं आहे?’ असं त्या माणसानं विचारल्यावरही तेच चित्र आपलं म्हणून मिरवणं अदिन्नादानाच्या फार जवळ जातं. त्या बाईंनी चेहरा दिला. पाठ दिली नव्हती.

भाचीचं उत्तरही ऐका. ‘आत्या, वाकलेली पाठ खोटी आहे का? सगळ्यांना ताठ बसवलं तर कष्ट कोण दाखवणार? दलित आत्मकथनांनी जखमा झाकल्या का?’ यात तथ्य आहे, मी थोडा वेळ गप्पच झाले. मग म्हटलं, ती आत्मकथनं होती बाळा, ज्याची जखम त्यानंच लिहिली.

दुसरं चित्र त्या बाईंनी मागून घेतलं आणि घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवलं. त्यामुळे वहीत पहिलंच उरलं आहे. नोव्हेंबरात तिला निवडक दहा चित्रं कॉलेजला द्यायची आहेत. ते त्यात नको, असं मी सांगितलंय. तिचं अजून ठरत नाही. तुम्ही काय सांगितलं असतं, जरूर कळवा.