बांधापलीकडचं शेत

तीन-साडेतीन एकर रान, त्यात भाजीपाला, ज्वारी, तूर. दावणीला एक गाय, चार शेळ्या, दहा-बारा गावठी कोंबड्या. बाहेरून विकत काही आणायचं नाही आणि घरचं काही वाया जाऊ द्यायचं नाही. छोट्या कुटुंबशेतीचं हे चित्र मला मनापासून पटतं. म्हणूनच त्यातला हिशेब पुरा मांडावासा वाटतो. तो मांडताना आपण बहुतेकदा बांधावर थांबतो. जनावर मात्र तिथं कधी थांबलेलं नाही.

२०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. मध्यम अंगाच्या देशी गाईला रोज सात-आठ किलो कोरडी वैरण धरली, तर वर्षाला पावणेतीन टन होते. कोरडवाहू एकरात रब्बी ज्वारी साधली तर दीड-दोन टन कडबा निघतो. एका गाईलाच दीड एकर गेलं. गाईबरोबर बैलजोडी ठेवायची म्हटलं, तर सगळं रान ज्वारीखाली आणूनही वैरण पुरत नाही. मग वांगी, मिरची, मेथी लावायची कुठं? शिवाय खरिपातली ज्वारी हटून सोयाबीन आलं, तिथं कडब्याचा आधारही गेला. सोयाबीनचं भुसकट शेळ्या खातात, पण त्याला कडब्याची सर नाही.

तरीही मागच्या पिढ्यांनी याहून जास्त जनावरं पोसली. ती पोसली गायरानानं, पडीक माळानं, ओढ्याच्या काठानं आणि सुगीनंतर सगळ्यांना मोकळ्या होणाऱ्या रानांनी. गुरं दिवसभर गावाच्या जमिनीवर चरायची आणि रात्री गोठ्यात शेण टाकायची. ते उकिरड्यात कुजून वैशाखात शेतात पडायचं. वाफ्यातल्या वांग्याला लागणारं खत असं गायरानातून गुरांच्या पायांनी चालत घरी यायचं. आपण त्याला घरचं खत म्हणत आलो. त्यातलं गवत गावाचं होतं. धनगरांच्या कळपांचंही तसंच. पिकं निघाली की शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो, आणि कळपानं कुठल्या कुठल्या माळांवर चरलेलं लेंडी-मुतानं त्याच्या रानाला मिळतं.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हे नातं स्पष्ट ओळखलं होतं. डोंगरावरचं सत्त्व पावसाबरोबर खाली शेतात कसं येतं, हे त्यांनी लिहिलं. जंगल खात्यानं रानं-कुरणं ताब्यात घेतल्यावर शेतकऱ्याला गुरं-शेरडं ठेवणं कसं कठीण झालं, हेही लिहिलं. आज सेंद्रिय शेतीवर बोलताना आपण जिवामृताच्या कृतीवर तासन् तास घालवतो. ज्या गाईचं शेण त्यात घालायचं, तिच्या चरण्याच्या जागेचा विषय क्वचितच निघतो.

गायरानाबद्दल बोलताना हळवं होऊन चालत नाही. ज्यांच्या नावावर ढेकूळभर माती नव्हती, त्या दलित भूमिहीनांनी, विशेषतः मराठवाड्यात, पडीक गायरानं कसून पोट भरलं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह या इतिहासाचा भाग आहेत. ती जमीन चाऱ्याच्या नावानं त्यांच्याकडून काढून घेणं मला अन्याय वाटतो. मात्र बंगले, गाळे आणि आता सौर प्रकल्प यांसाठी गायरान सहज सापडतं, आणि शेळ्यांसाठी मागितलं की जागा नसते, हेही तितकंच चूक आहे. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच दिले होते.

जमीन राखली तरी प्रश्न संपत नाही. हिवरे बाजारनं चराईबंदी केली, डोंगरावर गवत वाढलं, ते विळ्यानं कापून आणायचा नियम झाला आणि गावातलं दूध वाढलं. मला या गावाबद्दल आदर आहे. पण कापून आणण्यात दिवस जातो, आणि हे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं. जिच्याकडे रान नाही, फक्त चार शेळ्या आहेत, तिला चराईबंदीची झळ सर्वांत आधी लागते. चरण्यानं माळ बोडका होतो हे खरं, पण तो एकाच जागी, पालवी फुटायच्या आत पुन्हा पुन्हा चरल्यानं होतो. कळप वेळेवर हलवला, तर गवताला सावरायला सवड मिळते. हलवायला मागं माणूस लागतो. कोणत्या ओघळीला आधी हिरवळ येते, बाभळीच्या शेंगा कधी गळतात, कोवळी ज्वारी गुरांना का विषारी ठरते, हे त्याला माहीत असावं लागतं. पूर्वी हे काम शाळेबाहेर राहिलेल्या पोरांवर टाकलं जाई. ती पोरं आता शाळेत आहेत आणि तिथंच असायला हवीत. त्यांच्या जागी मोठं, पगारी माणूस मात्र आपण नेमलं नाही.

बांधावर शेवरी आणि हादगा लावून चार शेळ्यांचा बराचसा पाला निघतो; ते प्रत्येकानं करावं. गाईचं तेवढ्यानं भागत नाही. तिच्यासाठी ग्रामसभेत पाण्यासारखाच चाऱ्याचाही ताळेबंद मांडला जावा. कुणाची किती जनावरं, कोणता माळ कधी चराईला बंद ठेवायचा, भूमिहीनांच्या शेळ्यांना कोणता भाग आधी, आणि गुराख्याचा पगार कोणत्या खर्चातून द्यायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असावं.