ग्रंथाची वडीलकी

एखाद्या मान्यवर कादंबरीवर चित्रपट निघाला की आपल्याकडे जो वाद पेटतो, त्याचा निकाल बहुधा सुनावणीपूर्वीच लागलेला असतो. ग्रंथ फिर्यादी, चित्रपट आरोपी, आणि मूळ कृतीशी इमान राखले की नाही एवढाच काय तो खटल्यातील मुद्दा! अलीकडे एका परिसंवादात, ज्यांच्या व्यासंगाविषयी मला मनापासून आदर आहे अशा एका ज्येष्ठ समीक्षकांनी हा निकाल सिद्धान्ताच्या पदवीला नेऊन बसवला. चित्रपट मूळ ग्रंथाहून श्रेष्ठ असणे तत्त्वतःच अशक्य आहे, असे त्यांनी सांगितले. कारण त्यांच्या मते ग्रंथ वाचकाच्या कल्पनेला मोकळे रान देतो आणि चित्रपट तिला जखडून टाकतो. उपस्थितांनी या विधानाला टाळ्यांनी संमती दिली. मला हा सिद्धान्त मान्य नाही. तो केवळ चुकीचा असता तर मी स्वस्थ बसलो असतो. परंतु तो ग्रंथाला जन्मसिद्ध वडीलकी बहाल करतो आणि दोन्ही कलांकडे नीट पाहण्याचे कष्ट वाचवतो, म्हणून तो खोडून काढणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम ‘कुंकू’ घेऊ. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली १९३७ साली हा बोलपट काढला. जरठकुमारी विवाहाचा प्रश्न मराठी वाङ्मयाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने १८९९ सालीच तो रंगभूमीवर आणला होता. मात्र देवलांचा म्हातारा नवरदेव हा हास्याचा विषय आहे, आणि पुढील काळातील बोधवादी कादंबरीत अशा वृद्धाला लेखकाच्या उपदेशाचे निमित्त होण्यापलीकडे फारसे अस्तित्वच नसे. ‘कुंकू’तील काकासाहेब वकील आहेत, विधुर आहेत, वयात आलेल्या मुलांचे बाप आहेत; आणि केशवराव दात्यांनी ही भूमिका अशा रीतीने वठवली आहे की, शांता आपट्यांनी रंगवलेल्या तरुण पत्नीची, नीरेची, बाजूच न्याय्य आहे हे क्षणभरही न विसरता आपल्याला या वृद्धाच्या लाजेत सामील व्हावे लागते. आरशापुढे उभे राहून ते स्वतःचे वार्धक्य न्याहाळतात, भिंतीवरचे जुनाट घड्याळ त्यांच्या वयाची साक्ष देत राहते, आणि या सबंध बोलपटात पार्श्वसंगीत म्हणून काहीच वाजत नाही. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे, प्रसंगातून आपोआप उमटणारे ध्वनी. ज्या काळी प्रेक्षक गाण्यासाठी आणि वाद्यमेळासाठी तिकीट काढीत, त्या काळी हा निर्णय घेण्यास मोठे धैर्य लागले असले पाहिजे. या निर्णयामुळे नीरेच्या नकाराला कोणताही सूर दुजोरा देत नाही आणि काकासाहेबांच्या पश्चात्तापावर कोणताही सूर फुंकर घालीत नाही. दोघांनाही आपापल्या कृतीच्या बळावरच उभे राहावे लागते. काकासाहेब शेवटी स्वतःचे जीवन संपवतात, तेव्हा नीरेला मिळणारी मुक्ती किती महाग आहे हे कोणी न सांगता कळते. बोधवादी कादंबरीकाराने येथे दोन पाने तरी लिहिली असती. चित्रपट गप्प राहतो, आणि या गप्प राहण्यात त्याची सरशी आहे, असे मला निःशंकपणे वाटते.

आता कल्पनेच्या आक्षेपाकडे वळतो, कारण खरा कज्जा तेथेच आहे. आक्षेप असा, की पुस्तकातील नायिकेचा चेहरा प्रत्येक वाचक आपल्यापुरता घडवतो आणि पडद्यावर मात्र एकाच नटीचा चेहरा सर्वांच्या माथी मारला जातो. विधान खरे आहे; परंतु ते अर्धेच सांगितले जाते. कादंबरीकार चेहरा मोकळा ठेवतो हे कबूल, पण मन मोकळे ठेवतो काय? ती दुःखी होती, तिला अपमान वाटला, तिच्या मनात असूयेची कळ उठली, असे तो हुकूमनाम्यासारखे सांगून मोकळा होतो आणि वाचकाला ते निमूटपणे मान्य करावे लागते. चित्रपट याच्या नेमके उलट करतो. तो नाक, डोळे, लुगड्याचा काठ, खिडकीची जाळी हे सारे ठरवून टाकतो आणि त्या चेहऱ्यामागे काय चालले आहे ते मात्र आपल्यावर सोडतो. दोन्ही कला काही देतात आणि काही राखून ठेवतात. राखून ठेवलेली वस्तू कोणती एवढाच भेद आहे, आणि त्यावरून एकीला स्वातंत्र्याची सनद देऊन दुसरीला तुरुंग ठरवणे हा उघड अन्याय होय. मनुष्याच्या बाह्य रूपाविषयी स्वैर कल्पना करण्यापेक्षा त्याच्या अंतरंगाविषयी सावध तर्क करणे ही कल्पनाशक्तीची हलक्या प्रतीची कामगिरी आहे, असे म्हणण्यास कोणी धजेल असे मला वाटत नाही.

याचे सर्वोत्तम उदाहरण मला सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’मध्ये सापडते. रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ ही दीर्घकथा १९०१ साली ‘भारती’ मासिकातून क्रमशः आली. रायांचा चित्रपट १९६४ चा. कथेचा आरंभ भूपतीपासून होतो. त्याला उदरनिर्वाहासाठी काही करण्याची गरज नाही, म्हणून तो इंग्रजी वृत्तपत्र चालवतो, आणि त्या नादात आपली बालवधू चारू केव्हा तरुण झाली याचा त्याला पत्ताच लागत नाही. रवींद्रांनी हे मोजक्या वाक्यांत, काहीशा स्मितपूर्वक सांगितले आहे. राय मात्र तेच निवेदन बाजूला सारून चारूचा एक दुपारचा प्रहर आपल्यापुढे ठेवतात. ती रुमालावर पतीच्या नावाचे आद्याक्षर भरते आहे. नोकराला हाक मारून बाहेर चहा पाठवायला सांगते. कपाटातून बंकिमचंद्रांचे पुस्तक काढते. मग रस्त्यावरून काही आवाज येतो, तशी ती नाटकघरात वापरतात ती छोटी दुर्बीण आणते आणि एका खिडकीच्या झडपेतून दुसऱ्या खिडकीकडे धावत, रस्त्याने चाललेल्या एका छत्रीवाल्या स्थूल गृहस्थाचा पाठलाग करते. एवढ्यात भूपती व्हरांड्यातून येतो, पुस्तकात डोके घातलेला, आणि बायकोच्या अगदी जवळून, तिच्याकडे दृष्टीही न टाकता निघून जातो. चारू त्याच्याकडे पाहते, मग दुर्बीण डोळ्यांना लावून पुन्हा पाहते, आणि दुर्बीण धरलेला हात सावकाश खाली येतो. सुमारे सात मिनिटांच्या या प्रसंगात बोलणे जवळजवळ नाही. ती एकाकी आहे असे कोणी आपल्याला सांगितलेले नाही. रस्त्यावरचा परका मनुष्य आणि घरातला नवरा हे दोघेही तिला एकाच अंतरावरून पाहावे लागतात, एवढेच आपण पाहिले. भूपतीचा आतेभाऊ अमल घरात पाऊल टाकतो तोवर या घरात काय घडणार हे आपल्याला, चारूला कळण्याआधी, कळून चुकलेले असते. रवींद्रांचे भक्त मला क्षमा करोत, पण कथेच्या आरंभापेक्षा हा आरंभ श्रेष्ठ आहे.

हा चित्रपट निघाला तेव्हाही बंगालमध्ये ग्रंथाच्या बाजूने फिर्याद झालीच. अशोक रुद्र यांनी, मूळ कथेपासून चित्रपट किती दूर गेला आहे हे दाखवणारी टीका केली, आणि रायांनी तिला बंगालीतून सविस्तर, प्रसंगवार उत्तर दिले. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाला मौन सहज शोभले असते. तरी प्रत्येक फेरफाराची कैफियत देण्यास तो बांधलेला आहे असे त्याला वाटले, याचे मला फार अप्रूप आहे. माध्यम वेगळे म्हणून काहीही केले तरी चालते, ही अलीकडच्या अनेक दिग्दर्शकांची पळवाट रायांनी धरली नाही. हा फेरफार का, तो नसता तर काय बिघडले असते, हे त्यांनी एकेक प्रसंग घेऊन मांडले; म्हणजे मूळ कृतीशी इमान हे तिच्या घटनांशी राखायचे नसून तिच्या मर्माशी राखायचे असते, हे नुसते म्हणून न थांबता करून दाखवले. आपल्याकडे दिग्दर्शकाने समीक्षकाला अशा पातळीवरून उत्तर दिल्याची उदाहरणे मी शोधतो, आणि मला ती फार थोडी सापडतात.

परंतु याच ‘चारुलते’ने मला माझे वकीलपत्र पुन्हा वाचायला लावले आहे. कथेत अमल विलायतेला गेल्यावर पुष्कळ काळ जातो. चारू घरकाम करते, नवऱ्याची सेवा करते, आणि या साऱ्या कर्तव्यांच्या तळाशी भुयार खोदून तेथे आपल्या शोकाचे एक गुप्त देवालय उभारते. प्रतिमा रवींद्रांचीच आहे. मग न राहवून ती दागिन्यांवर पैसे उभे करून अमलला चोरून जवाबी तार पाठवते, आणि तारेचे उत्तर नेमके भूपतीच्या हाती पडते. अमल खुशाल आहे, एवढाच त्याचा मजकूर. संशय असा पुराव्याच्या रूपाने, कागदावर, नवऱ्यापुढे येतो. आणि त्यानंतर भूपतीच्या मनाचा जो प्रवास रवींद्रांनी लिहिला आहे, त्यात क्रोध आहे, करुणा आहे, आणि परपुरुषासाठी झुरणाऱ्या स्त्रीला जन्मभर हृदयाशी धरून राहण्याची धास्तीही आहे. रायांनी हा सारा काळ वगळला. त्यांच्या चित्रपटात अमलचे पत्र येते, चारूचा बांध फुटतो, आणि अनपेक्षितपणे परतलेला भूपती ते पाहतो. प्रसंग विलक्षण प्रभावी आहे, पण तो एका क्षणाचा आहे. कथेतले दुःख महिन्यांचे आहे. अखेरीस राय पती-पत्नीचे एकमेकांकडे पुढे झालेले हात भेटण्यापूर्वीच चित्र गोठवतात आणि पडद्यावर रवींद्रांच्या कथेचे शीर्षक उमटते; जणू येथवर आणून शेवटचा शब्द त्यांनी मूळ लेखकालाच दिला. कथेत त्या जागी भूपतीची एक घुटमळ आहे, उशिरा दिलेला एक होकार आहे, आणि त्यावर चारूचा त्रोटक नकार आहे. हा नकार वाचला की गोठवलेले हात मला थोडे सौम्य वाटू लागतात.

तेव्हा आरंभी जो दावा मी सरसकट मांडू पाहत होतो, त्याला आता मर्यादा घालणे भाग आहे. ग्रंथ जेथे माणसाच्या वागण्याविषयी माहिती देत असतो, तेथे चित्रपट त्याच्यावर मात करू शकतो, कारण वागणे दिसते. ग्रंथ जेथे काळ मनात कसा साचतो हे लिहितो, तेथे कॅमेऱ्याला फार जपून पाऊल टाकावे लागते. ‘बनगरवाडी’चेच पाहा. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या या कादंबरीवर अमोल पालेकरांनी १९९५ साली चित्रपट केला, आणि तो प्रामाणिक, संयमी आहे. धनगरांची वाडी, कारभारी, तालमीची उभारणी, शेवटी दुष्काळाने उठून गेलेली माणसे, सारे त्यात आहे. परंतु कादंबरीत हे सारे औंध संस्थानातल्या एका पोरसवदा मास्तराच्या नजरेतून येते, आणि त्या नजरेचे हळूहळू परकेपणातून आपलेपणाकडे सरकणे हाच कादंबरीचा खरा विषय आहे. कॅमेरा वाडी दाखवतो आणि मास्तरही दाखवतो. मास्तरला दिसलेली वाडी मात्र कॅमेऱ्याच्या चिमटीतून निसटते. येथे मी ग्रंथाच्या बाजूने उभा राहीन.

‘गाईड’विषयी मात्र मला अधिक कठोर बोलले पाहिजे. आर. के. नारायण यांच्या १९५८ च्या कादंबरीवरून विजय आनंद यांनी १९६५ साली काढलेला हा चित्रपट संगीतासाठी आणि वहिदा रेहमानसाठी अमर झाला, आणि ते योग्यच आहे. नारायण स्वतः त्यावर फार नाराज होते. मालगुडीच्या जागी उदयपूर आले, हे त्यांना खटकले. मला ते फारसे खटकत नाही. मला खटकतो तो मार्को. कादंबरीत हा नायिका रोझीचा नवरा शिलाचित्रांच्या अभ्यासात बुडालेला, बायकोविषयी उदासीन गृहस्थ आहे, आणि म्हणूनच गाईड राजू व रोझी यांच्या वर्तनाचा हिशेब वाचकाला स्वतःच करावा लागतो. चित्रपटाने त्याला बाहेरख्याली ठरवले, आणि रोझी घर सोडते तेव्हा प्रेक्षकाच्या विवेकाला काही कामच उरू दिले नाही. राजूच्या उपवासाने पाऊस आला की नाही हे नारायण अखेरपर्यंत अनिश्चित ठेवतात. चित्रपट धो धो पाऊस पाडतो. हे फेरफार माध्यमाच्या गरजेतून झालेले नाहीत. प्रेक्षकाला नैतिक अडचणीत टाकण्याची भीती हे त्यांचे कारण आहे. हेच राय ‘शतरंज के खिलाडी’त करतात काय ते पाहावे. प्रेमचंदांच्या कथेत दोघे नबाबी खेळिये अखेर एकमेकांना ठार करतात. १९७७ च्या चित्रपटात राय त्यांना जिवंत ठेवतात आणि पुन्हा पटाशी बसवतात. हा बदलही शेवटाचाच आहे, पण तो शिक्षा माफ करीत नाही, लांबवतो.

या सगळ्या वादात ज्याला कोणी पक्षकारच मानीत नाही तो मनुष्य म्हणजे पटकथाकार. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा काढली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ केला. दोन स्वतंत्र कादंबऱ्यांतले मंत्री, कामगारपुढारी, तस्कर आणि पत्रकार एका कथानकात बसवताना काय गाळावे, कोणाला कोणासमोर उभे करावे, आणि निळू फुल्यांच्या पत्रकार दिगू टिपणीसाला या सगळ्याचा साक्षीदार करून अखेर कोठे आणून सोडावे, हे निर्णय वाङ्मयीनच होते. त्याच तेंडुलकरांनी श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानींसाठी ‘अर्धसत्य’ लिहिला, जो १९८३ साली आला. त्यात पोलीस अधिकारी झालेले ओम पुरी उपाहारगृहातल्या मेजापाशी दिलीप चित्र्यांची कविता वाचू लागतात, सहज म्हणून सुरुवात करतात, आणि ओळी पुढे सरकतात तसा त्या पोलीस अधिकाऱ्याचा चेहरा काळवंडत जातो. कविता आपल्यालाच उद्देशून आहे हे त्याला वाचता वाचता उमगते. एका लघुकथेतून निघालेल्या चित्रपटाच्या मध्यभागी कविता ठेवायची आणि तिचे काम वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडून करून घ्यायचे, ही तजवीज केवळ चित्रपटालाच साधणारी आहे. तरीही तेंडुलकरांवर लिहिणारे आमचे बहुतेक समीक्षक त्यांच्या नाटकांपाशी थांबतात आणि ‘सामना’, ‘निशांत’, ‘आक्रोश’ यांची नावे यादीत घालून पुढे जातात. ज्या समीक्षकांच्या सिद्धान्तामुळे मी हा लेख लिहायला बसलो, त्यांनी ग्रंथ आणि चित्रपट यांची तुलना करण्यापूर्वी या पटकथा मूळ कथांशेजारी ठेवून ओळीओळीने वाचाव्यात, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. आणि वाचून झाल्यावरही त्यांचे मत कायम राहिले, तर त्यांनी ते रायांनी दिले तसे प्रसंगवार लिहावे.