झडतीआधीच्या चार ओळी

घराची झडती घ्यायची तर पोलिसांकडे वॉरंट हवेच, असे बहुतेकांना वाटते. कायद्याने मात्र या नियमाला बरीच रुंद पळवाट ठेवली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १६५) ठाण्याचा प्रभारी किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. तपासाला लागणारी वस्तू त्या जागी असावी असे मानायला वाजवी कारण हवे, आणि अवाजवी उशीर न होता ती दुसऱ्या मार्गाने मिळण्यासारखी नसावी, एवढेच.

पण घाई खरी होती की सोयीची, हे त्या क्षणी ठरवतो तो पोलीसच. म्हणून कायद्याने आणखी एक अट घातली. झडतीपूर्वी कारणे लिहून काढायची आणि काय शोधायचे तेही शक्य तितके नमूद करायचे. कलमाचा प्राण इथे आहे. कपाटात चोरीचे दागिने सापडल्यावर संशय आधीपासून पक्का होता असे कोणीही सांगेल. आधी लिहिलेल्या चार ओळींना ही सोय नसते. राजस्थानातील रेहमान प्रकरणात अबकारी अधिकाऱ्याने कारणे न लिहिताच झडती घ्यायला घेतली आणि विरोध करणाऱ्यावर खटला भरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ती झडती बेकायदा ठरवली.

झडती बेकायदा, पण सापडलेल्या मुद्देमालाचे काय? प्राप्तिकर छाप्यांवरील पूरनमल प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की बेकायदा झडतीत मिळाला एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. अमेरिकेत १९६१ च्या मॅप निकालापासून राज्यांच्या न्यायालयांतही असा पुरावा सामान्यतः वगळला जातो. आपल्याकडे नियम मोडणाऱ्याचे फारसे बिघडत नाही आणि चार ओळी लिहिण्याचा कंटाळा परवडतो.

अमली पदार्थांच्या कायद्यात चित्र वेगळे आहे. मिळालेली खबर लिहून काढावी आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे जावी, असे त्यातील कलम ४२ सांगते. मग धावपळीत काय करायचे? २००९ च्या कर्नेल सिंग निकालात घटनापीठाने यावर व्यवहारी तोडगा दिला. तातडी असेल तर नोंदीला उशीर चालेल, पण त्याचे समाधानकारक कारण द्यावे लागेल. नोंदच नसणे चालणार नाही. म्हणजे घाई आणि हिशेब एकत्र नांदू शकतात. मग साध्या चोरीच्या तपासात याहून ढिलाई का असावी?

आतून किंकाळी ऐकू आली, तर पोलिसाने आधी दार तोडावे. तिथे जीव वाचवायचा असतो, आणि कागदासाठी थांबा असे कोणी म्हणणार नाही. पुरावा वाचवण्याची घाई मात्र निराळी. तिला जीव वाचवण्याच्या घाईची सवलत देता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरण बंधनकारक आहे आणि नोंदींच्या प्रती ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे जायला हव्यात. पाऊल चांगले आहे. पण मोबाईलवर झडती दिसते, तिच्यामागचे कारण दिसत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्याला अर्थ द्यायचा तर आधीची नोंद नसलेल्या झडतीचा पुरावा न्यायालयांनी नाकारायला सुरुवात केली पाहिजे. काही खटले त्यामुळे पडतील. ती किंमत मोजल्याशिवाय ठाण्यात कोणी आधी पेन उचलणार नाही.