श्रद्धा, श्राद्ध आणि सायकल



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते २२

सतराव्या अध्यायाची सुरुवात अर्जुनाच्या एका अगदी प्रॅक्टिकल प्रश्नाने होते. जे लोक शास्त्राचा विधी बाजूला ठेवतात, पण श्रद्धेने पूजा करतात, त्यांची निष्ठा कोणती समजायची? सात्त्विक, राजस की तामस?

हाच प्रश्न सध्या आमच्या घरात विचारला जातोय. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. त्याच्या आदल्या शनिवार-रविवारी मी पुणे ते पंढरपूर सायकलने जाणार आहे, माउलींच्या पालखीच्या वाटेने : दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वाखरी. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. या राइडसाठी जमणारे पैसे ज्यांना डायलिसिसचा खर्च झेपत नाही अशा पेशंटना जातील. बाबांचं शेवटचं दीड वर्ष डायलिसिसवर गेलं. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट एखाद्या दिवशी आला नाही, की बाबा हळूच मला विचारायचे, "तब्येत की पैसे?"

काका म्हणाले, "अरे, तर्पण, पिंडदान सोडून सायकल कसली? त्यातून त्याला काय पोचणार?" आईचा प्रश्न वेगळा होता. "गुडघा दुखतोय ना तुझा? मला परत दवाखान्याच्या बाकड्यावर बसवू नकोस."

दोन्ही प्रश्न प्रेमातूनच आलेत. म्हणून हे श्लोक यावेळी जरा जास्त सावकाश वाचले.

पहिली गोष्ट, भगवंत अर्जुनाला "विधी सोडला तरी चालेल" असं म्हणत नाहीत. सोळावा अध्याय संपवतानाच त्यांनी शास्त्र हे प्रमाण आहे असं सांगितलंय. त्यामुळे तिथीला घरी गुरुजी येतील, श्राद्ध होईल, मी सोवळं नेसून बसेन. सायकल ही विधीच्या जागी नाही, विधीच्या सोबत आहे. आणि गंमत बघा, 'श्राद्ध' हा शब्दच 'श्रद्धा' या शब्दातून आलाय. भगवंत अर्जुनाच्या प्रश्नाचं हो-नाही असं उत्तर देतच नाहीत. ते म्हणतात, आधी श्रद्धा कोणत्या जातीची आहे ते बघ. मग तीच चाळणी ते आहाराला, यज्ञाला, तपाला आणि दानाला लावतात. चॅरिटी राइडमध्ये तप आणि दान दोन्ही आलं, म्हणून आपल्याला दोन्ही चाळण्या लागतात.

शारीरिक तपाची यादी (श्लोक १४) वाचून मी थांबलोच. त्यात उपाशी राहणं नाही, ऊन सोसणं नाही, किलोमीटर तर नाहीतच. आहे काय? देव, गुरू, ज्ञानी यांच्याविषयी आदर, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा. आणि अहिंसा म्हटलं की त्यात आपला स्वतःचा गुडघाही आला! पुढे एकोणिसाव्या श्लोकात तर स्पष्टच सांगितलंय की हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं तप तामस. "बाबांनी एवढं सोसलं, मग मीही सोसलं पाहिजे" हा विचार वरून भक्तीसारखा दिसतो, पण गीतेच्या हिशोबात तो तिकडे जातो. म्हणून एका दिवसात पंढरपूर गाठायचं नाही. फलटणला मुक्काम. गुडघा नाही म्हणाला तर पुढचा प्रवास एसटीने. हे आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सायकलच्या पिशवीत क्रेप बँडेज आणि शेंगदाण्याचे लाडू होते.

राजस तप म्हणजे सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून केलेलं (श्लोक १८). भगवंत म्हणतात, ते टिकत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या ॲपचा सगळा भार दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे, तो सर्व्हर बसला की ॲपही बसतं. स्ट्रावावरच्या कौतुकावर चालणाऱ्या पायांचं तसंच. पण मग मदत मागायची तर लोकांना सांगावं लागणारच ना? इथे वाणीचं तप (श्लोक १५) उपयोगी पडतं. बोलणं खरं असावं, प्रिय असावं, हिताचं असावं आणि कोणाला अस्वस्थ करणारं नसावं. या चार कसोट्यांवर मी मदतीचा मेसेज घासून घेतला. पैसे कुठे जाणार ते लिहिलं. कोणत्याही पेशंटचा फोटो टाकला नाही. "एवढंही देऊ शकत नाही का" या धाटणीचं एकही वाक्य ठेवलं नाही. ज्याने दिलं नाही, त्याला दुसरा मेसेज नाही.

आता दान. जो परतफेड करू शकत नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, 'द्यायला हवं' एवढ्याच भावनेने दिलेलं ते सात्त्विक (श्लोक २०). अनादराने, तुच्छतेने दिलेलं तामस (श्लोक २२). डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या ज्या माणसाला हे पैसे पोचतील, त्याचं नाव मला कळणार नाही, माझं त्याला कळणार नाही. हेच बरं आहे.

आणि आणखी एक जण आता परतफेड करू शकत नाहीत. ते बाबा. आजवर त्यांच्यासाठी काहीही केलं, तरी त्याच्या दुप्पट परत यायचं. औषध आणून दिलं तर ते माझ्या बाइकची टाकी फुल करून ठेवायचे. आता मी काही केलं तर तिकडून "शाब्बास" सुद्धा येणार नाही. म्हणजे त्यांच्यासाठी निखळ सात्त्विक दान करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आलीय. हे लिहिताना जड जातंय, पण मला धीरही यातूनच मिळतोय.

काकांच्या "काय पोचणार?" चं उत्तर मी देऊ शकत नाही. ते पांडुरंगाच्या हातात आहे. पण इतकं नक्की, की कोणाच्या तरी शेजारची खुर्ची पैशांसाठी रिकामी राहणार नाही, आणि बाबांचा प्रश्न निम्मा तरी सुटेल. हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "दिवे घाटाच्या पायथ्याशी मी गाडी घेऊन थांबतो, पाण्याची सोय बघतो."

दिवे घाट चढताना मी कोणाशी बोलणार नाही. मौन हे मनाच्या तपात (श्लोक १६) येतं, आणि खरं सांगायचं तर त्या चढावर बोलायला दम तरी कुठे उरतो!

आजचा संकल्प : तुमच्या घरातलं जे माणूस आता नाही, त्याच्या नावाने आज एक छोटी गोष्ट अशा कोणासाठी तरी करा, जो तुम्हाला ओळखत नाही. स्टेटसला टाकू नका. रात्री देवापुढे दिवा लावताना फक्त त्यालाच सांगा.

राम कृष्ण हरी.