कोटींच्या इंजेक्शनाआधी

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या स्नायुरोगतज्ज्ञांनी २००२ साली आपल्याच जुन्या नोंदी काढून एक हिशेब मांडला. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवणारा आजार असलेल्या १९७ रुग्णांचा तो हिशेब होता. १९६०च्या दशकात ही मुलं सरासरी १४.४ व्या वर्षी दगावत. १९९० नंतर ज्यांना रात्री घरी व्हेंटिलेटर मिळाला, त्यांची सरासरी २५.३ वर्षांवर गेली होती. या मधल्या काळात आजार बरा करणारं एकही औषध निघालेलं नव्हतं.

मग ही जवळपास अकरा वर्षं आली कुठून? नाकावरच्या मास्कमधून हवा आत ढकलणाऱ्या यंत्रातून, हे सरळ उत्तर. पण यंत्र कधी लावायचं हे कुणीतरी ओळखावं लागतं. मुलगा ‘मला श्वास पुरत नाही’ असं सांगत नाही. तो सकाळी डोकं दुखतं म्हणतो, वर्गात पेंगतो, ताटातलं टाकून उठतो. घरच्यांना वाटतं, शाळेचा कंटाळा आलाय. दरवर्षी त्याच्या फुंकरीचा जोर मोजणारं कुणी असेल, तरच आकडा निम्म्यावर आल्याचं कळतं. ते मोजणारं ठिकाण म्हणजे स्नायुरोगांची खास ओपीडी.

मावसबहिणीच्या मुलाबरोबर मी अशा एका सरकारी ओपीडीत जात आलो आहे. तिथे बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. दुर्मीळ आजार म्हटलं की आपल्याकडे चर्चा कोट्यवधींच्या इंजेक्शनाची होते. आयुष्यात वर्षांची भर घालणारी ही ओपीडी मात्र दोन-चार डॉक्टरांच्या भलेपणावर चालते आणि तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

आजार साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. गावच्या डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत असा मुलगा एखाददुसराच येणार, त्यामुळे त्याने तो ओळखला नाही तर त्याला बोल लावता येत नाही. शिवाय आजार फसवा आहे. पोटऱ्या भरदार दिसतात, आणि आजोबा कौतुकाने म्हणतात, पोरगा पैलवान होणार. खरं तर तिथे स्नायू झिजून त्या जागी चरबी आणि तंतू साचलेले असतात. रक्त तपासलं तर एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले सापडतात, की निघाली वरात यकृताच्या डॉक्टरकडे. ही द्रव्यं स्नायूंतूनही रक्तात उतरतात हे लक्षात येऊन कुणी सीपीके तपासायला सांगेपर्यंत महिनोन्महिने जातात. तो आकडा दोनशेच्या आत असायला हवा तिथे हजारांत निघतो.

ओपीडीत पहिली परीक्षा अगदी साधी असते. ‘बाळा, खाली बस आणि उठून दाखव बघू,’ म्हणत निवासी डॉक्टर घड्याळ लावते. मुलगा आधी पालथा होतो, चार पायांवर येतो, ढुंगण वर काढतो. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. विल्यम गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरने १८७९ मध्ये हे उठणं टिपून ठेवलं. आजही एमआरआय आणि जनुकचाचणीच्या जमान्यात किती सेकंदांत उठला हा आकडा केसपेपरवर लिहिला जातो, कारण पुढल्या वेळी त्याच्याशीच तुलना करायची असते.

दुर्मीळ आजार दिसायला लागतो तो रुग्ण एका जागी आले की. ज्याचं नाव या आजाराला मिळालं, त्या डॉक्टर ड्युशेनला पॅरिसच्या कुठल्याच इस्पितळात धड हुद्दा नव्हता. तो वॉर्डावॉर्डांतून हिंडायचा आणि आपला रुग्ण दुसऱ्या इस्पितळात गेला तर त्याच्या मागावर तिकडे पोचायचा. असे १३ रुग्ण गोळा करून १८६८ मध्ये त्याने या आजाराचं सविस्तर वर्णन लिहिलं. आजची ओपीडी तेच काम उलट्या दिशेने करते. डॉक्टर हिंडत नाही. जळगाव, सोलापूर, नांदेडहून रात्रभर प्रवास करून रुग्णच येतात.

आणि बाकावर आजाराची सगळी वयं शेजारी शेजारी बसतात. धावताना पडणारा पाच वर्षांचा, टाचा टेकत नाहीत असा नऊ वर्षांचा, व्हीलचेअरवरचा सोळाचा. नव्याने निदान झालेल्या मुलाची आई त्या मोठ्या मुलाकडे बघते आणि मान फिरवते. पहिल्या खेपेला तरी नव्या कुटुंबांना वेगळी वेळ द्यावी, असं मला वाटतं. पण कायमची ताटातूट नको. माझ्या बहिणीनेच पुढे एकीला विचारलं, ‘रात्री किती वेळा उठता हो ताई?’ ‘चार-पाचदा. कूस बदलायला हाक मारतो. आता पाळ्या लावल्यात, एक रात्र मी, एक रात्र हे.’ त्या दिवशी आमच्याकडे रात्रीच्या पाळ्यांची गोष्ट पहिल्यांदा बोलली गेली. तोवर सगळं जागरण तिच्याच वाट्याला होतं.

बायकांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून ‘आईकडून आलेला आजार’ हे सासरी लगेच पाठ होतं. जवळपास एक तृतीयांश मुलांमध्ये तो बिघाड नव्याने झालेला असतो आणि आई वाहक नसते. असली तरी त्यात तिचा गुन्हा काय? जनुकसमुपदेशकाने नवऱ्याला आणि सासूलाही समोर बसवून हे सांगायला हवं. पण समुपदेशकाची जागा भरलेली असेलच असं नाही, आणि गर्दीच्या सकाळी डॉक्टरला दहा मिनिटं मिळाली तरी खूप.

मला विचाराल तर या ओपीडीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे गावच्या डॉक्टरच्या नावे दिलेलं एक पानी पत्र. स्टेरॉइड एकदम बंद करू नका. या गोळ्यांनी चालणं दोन-तीन वर्षं लांबतं, पण वजन वाढलं म्हणून कुणी त्या अचानक थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं. भूल देताना सक्सिनिलकोलीन वापरू नका, हृदय बंद पडू शकतं. दम लागला म्हणून नुसता ऑक्सिजन लावून ठेवू नका. छातीचा भाता दमलेला असतो, आत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मुलगा शांत झोपलाय असं वाटत राहतं. तज्ज्ञाचं ज्ञान तालुक्याच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता उपयोगी पडलं, तरच त्याचा उपयोग.

आता पैशांकडे येऊ. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेन तिसऱ्या गटात आहे, म्हणजे अतिमहाग उपचारांच्या. पुढे सर्वच गटांसाठी मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली गेली, आणि ती ठरवून दिलेल्या केंद्रांतून मिळते. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. मदत हवीच. पण अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ड्युशेनच्या जनुकउपचाराची किंमत ३२ लाख डॉलर आहे. तिथे ५० लाख रुपये कुठे पुरणार? शिवाय त्याच वर्षी त्या उपचाराची मोठी चाचणी आपल्या मुख्य कसोटीवर उतरली नाही, आणि २०२५ मध्ये चालता न येणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्यावर त्या गटासाठी तो थांबवावा लागला. याउलट २०१८ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की हृदय ठीक दिसत असलं तरी दहाव्या वर्षापर्यंत एनालाप्रिलसारखी गोळी सुरू करा. ती काही रुपयांना मिळते. ती कुठल्याच बातमीत येत नाही.

‘म्हणजे आमच्या मुलांना औषध नको?’ असं आईबाप रागाने विचारतात. राग रास्त आहे. ‘सोळा कोटींच्या इंजेक्शना’साठी लोकांनी वर्गणी काढली, तो आजार एसएमए, चेतापेशींचा, पण तिथे औषध मिळू शकतं तर आम्हाला का नाही, हे कुणालाही वाटेल. माझं म्हणणं क्रमाचं आहे. उद्या खरोखर चांगलं औषध आलं, तर ते कुणाला द्यायचं हे हृदय, यकृत, श्वास आणि चालण्याच्या जुन्या नोंदींवरच ठरेल. नोंदी नसलेला मुलगा तेव्हाही रांगेत मागे राहील. आईबापांची हीच हतबलता हेरून स्टेमसेलची दुकानं चालतात. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत या आजारासाठी असा उपचार मान्य नसताना लोक त्यासाठी शेतं विकतात, कारण ओपीडीत पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची असते आणि दुकानात उद्याची.

जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डीईआयसी, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारी, केंद्रं आहेत, फिजिओथेरपिस्टची जागा त्यांच्या रचनेतच आहे. स्ट्रेचिंग, पायाचे स्प्लिंट, फुंकरीचा आकडा, उंची-वजन हे सगळं तिथे होऊ शकतं, आणि मोठ्या ओपीडीतला तज्ज्ञ ते पडद्यावर पाहू शकतो. मग मुंबईची खेप वर्षातून एक-दोनदा, इको आणि मोठ्या तपासण्यांसाठीच करावी लागेल. ती अशा दिवशी, की हृदय, फुप्फुस आणि हाडांचे डॉक्टर एकाच मजल्यावर भेटतील. आज त्या तीन विभागांच्या तारखा तीन वेगवेगळ्या आठवड्यांत पडतात, आणि दर तारखेला बापाचा रोज बुडतो. या तारखा जुळवायला परदेशातून काही आणावं लागत नाही.