फळमाशीच्या नावाचा पुरावा

नाशिक जिल्ह्यातले लासलगाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी सर्वांना माहीत आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये तिथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले आणि २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबाही त्यातून जाऊ लागला. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण फळातली अळी मारतीलच असे नाही. तिच्यातून वंश वाढवू शकेल अशी माशी मात्र निघू देत नाहीत. या प्रक्रियेचे आकडे बोलके आहेत. फळमाश्यांच्या अख्ख्या कुलासाठी, म्हणजे टेफ्रिटिडीसाठी, १५० ग्रे मात्रा पुरेशी मानली जाते. आंब्याला किमान ४०० ग्रे द्यावी लागते ती कोयीत लपणाऱ्या भुंग्यासारख्या इतर किडींमुळे. म्हणजे किरणांना माशी कोणत्या जातीची आहे हे विचारावे लागत नाही. मग एकेका जातीच्या लॅटिन नावावरून शास्त्रज्ञ दशकानुदशके वाद का घालतात? माझे म्हणणे असे की जातीचे नाव हा एक दावा असतो: अमुक इतके प्राणी आपसात जुगतात आणि इतरांपासून वेगळे राहतात, असा. दावा म्हटला की पुरावा आला, आणि पुरावा बदलला की नावही बदलणार. नावाचे हे बदलणे त्या शास्त्राचे बळ आहे. फळमाशीचा इतिहास हेच सांगतो.

हा विचार एकदम आलेला नाही. लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना द्विपदी नावे दिली, तेव्हा बहुतेक माश्या ‘मस्का’ या एकाच प्रजातीत कोंबल्या गेल्या. आपल्या आंब्यावरच्या माशीला फॅब्रिशियसने १७९४ मध्ये ‘मस्का फेरुजिनिया’ म्हटले. पण स्कोपोली याने १७६३ मध्येच हे नाव दुसऱ्या एका माशीला देऊन ठेवले होते. एक नाव दोन प्राण्यांना चालत नाही, म्हणून फॅब्रिशियसचे नाव बाद ठरले. शेवटी हेन्डेलने तैवानच्या नमुन्यांवरून १९१२ मध्ये दिलेले ‘डॅकस डॉर्सालिस’ टिकले. पुढे १९८९ मध्ये ड्रू यांनी बॅक्ट्रोसेराला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला आणि माशी ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’ झाली. जुनी कृषी पुस्तके चाळणाऱ्याला ही तीन वेगळ्या किडींची नावे वाटतील. इथे दोन प्रकारचे बदल वेगळे ओळखायला हवेत. फेरुजिनिया गेले ते नियमामुळे. माशीबद्दलच्या ज्ञानात त्याने काहीच भर पडली नाही. डॅकसचे बॅक्ट्रोसेरा झाले ते नात्यागोत्याची समज बदलल्यामुळे. पहिला बदल दप्तराचा आहे, दुसरा विचाराचा. दोन्हींना एकाच मापाने मोजले की ‘शास्त्रज्ञ उगाच नावे बदलतात’ ही तक्रार जन्म घेते.

विचाराच्या बदलाची खरी कसोटी १९९४ मध्ये लागली. ड्रू आणि हॅनकॉक यांनी आशियातल्या डॉर्सालिससारख्या दिसणाऱ्या माश्यांची फेरतपासणी केली आणि या गटात ५२ जाती मांडल्या. त्यांतल्या ४० नव्या होत्या. पपयी, फिलिपिनेन्सिस, कॅरम्बोले ही नावे त्यातलीच. भेद ठरवले गेले ते पाठीवरचे पट्टे, पायांवरचे डाग, अंडी घालायच्या सुईची लांबी अशा खुणांवर. हे काम कष्टाचे आणि काटेकोर होते, आणि त्यातल्या बहुसंख्य जाती आजही मान्य आहेत. पुढे २००३ मध्ये केनियात आंब्यावर एक अनोळखी माशी सापडली. श्रीलंकेतल्या नमुन्यांशी ताडून २००५ मध्ये तिला ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स’ हे नाव मिळाले. नवे नाव मिळताच ती आयातदार देशांच्या याद्यांमध्ये वेगळी, अधिक भीतिदायक कीड म्हणून जाऊन बसली. तिच्याविरुद्ध कोणता उपाय चालतो याचे पुरावे पुन्हा पहिल्यापासून मागितले जाऊ लागले. आशियात डॉर्सालिसवर झालेले काम आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला वापरता येईना, कारण कागदावर ती माशी दुसरी होती.

दिसण्यावरून केलेला दावा जुगण्यावरून तपासायचे ठरले, आणि त्यात भारतातल्या एका जुन्या शोधाला अनपेक्षित महत्त्व आले. बिहारमधल्या पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांनी १९१२ मध्ये दाखवले होते की सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर धाव घेतात. १९१५ मध्ये त्यांनी या ओढीमागचे मिथाइल युजेनॉल हे द्रव्य ओळखले. आज आंब्याच्या आणि पेरूच्या बागांतून टांगलेल्या सापळ्यांत तेच असते. हे द्रव्य खाल्लेला नर त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतो. तपासणीत दिसले की डॉर्सालिस, पपयी आणि इन्व्हेडन्स यांचे नर दोन घटकांचा सारखाच गंध बनवतात. कॅरम्बोलेच्या नरात त्यातला एकच घटक आढळतो. पिंजऱ्यात एकत्र सोडल्यावर पहिल्या तिघी बिनदिक्कत एकमेकींच्या नरांशी जुगल्या, कॅरम्बोले मात्र बहुतांशी आपल्यातच राहिली. रंगसूत्रे आणि डीएनएचीही साक्ष तशीच पडली. वीस वर्षांचा पुरावा एकत्र करून अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी पपयी आणि इन्व्हेडन्स ही नावे डॉर्सालिसमध्ये विलीन केली. तो निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फिलिपिनेन्सिसही त्यातच गेली. कॅरम्बोलेचा वेगळेपणा त्याच पुराव्याने पक्का झाला. सगळ्यांना हे पटले नाही आणि विरोधही छापून आला. पण वाद ‘मी म्हणतो म्हणून’ यावर न राहता तपासता येईल अशा खुणांवर आला, हे महत्त्वाचे.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येईल: आम्हाला ‘फळमाशी’ एवढे पुरते, अळी पडली की माल गेला. माल जातो हे खरे. पण तो वाचवायचा कसा, हे जातीवर ठरते. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात आंब्याची डॉर्सालिस किंवा पेरूची करेक्टा येईल. कारली-दोडक्यावरची कुकरबिटी त्याकडे ढुंकून पाहणार नाही, तिला क्यू-ल्यूर हे दुसरे आमिष लागते. ही कुकरबिटी इतकी दूरची निघाली की आता ती बॅक्ट्रोसेरातून बाहेर काढून झ्यूगोडॅकस या वेगळ्या प्रजातीत ठेवली आहे. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याबरोबर वांगी, अळू, कारले आणि पडवळही रोखले. त्याआधीच्या वर्षी किडी सापडलेल्या २०७ मालखेपांचा त्याला आधार होता आणि त्या किडींत फळमाश्या प्रमुख होत्या. आंब्यातली आणि कारल्यातली अळी बंदरावर सारखीच दिसते, म्हणून नोंद बहुधा ‘युरोपबाहेरची फळमाशी’ एवढीच होते. रोखायला तेवढे पुरते. पण देवगडच्या बागेत काय करायचे आणि दिंडोरीच्या कारल्याच्या मांडवात काय, हे त्या नोंदीतून कळत नाही. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवण्याचा निर्णय झाला; बागेतला आणि मांडवातला उपाय तेव्हाही वेगळाच होता.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: नावाला इतके महत्त्व असेल तर ती कायमची गोठवा. याचे उत्तर फळमाशी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या कुलातल्या ड्रोसोफिलातून मिळते. मायगेनने १८३० मध्ये नाव दिलेली ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर ही आनुवंशिकीची लाडकी माशी. पण ड्रोसोफिला ही अवाढव्य प्रजाती एका वंशवेलीत बसत नाही, आणि ती फोडली तर हे नाव फ्युनेब्रिस या दुसऱ्याच माशीकडे राहील. मेलानोगॅस्टर ‘सोफोफोरा’ होईल. तसे होऊ नये म्हणून मेलानोगॅस्टरलाच आदर्श जात, म्हणजे प्रजातीचे नाव जिच्याकडे राहते ती जात, ठरवा, असा अर्ज २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगापुढे आला. आयोगाने २०१० मध्ये तो फेटाळला. कीर्ती मोठी म्हणून नियमाला अपवाद करायला बहुमत तयार नव्हते. प्रजाती फोडायची की नाही, हा प्रश्न आयोगाने अभ्यासकांवरच सोडला. ही विभागणी मला योग्य वाटते. नाव कुणाचे, हे नियम सांगतो. माशी कोण, हे पुरावा सांगतो. झॅप्रिओनस इंडियानस हे १९७० मध्ये भारतातल्या नमुन्यांना मिळालेले नाव मूळच्या आफ्रिकी माशीचे आहे, तरी ते चालते. नावाने वर्णन अचूक करायचे नसते, खूण पक्की करायची असते.

तिसरा प्रश्न विश्वासाचा: आज जोडलेले उद्या पुन्हा तुटले तर? तुटू शकते. कृषी सल्ला आणि निर्यातीचे करार त्यावर उभे असल्याने दोन गोष्टी कराव्या लागतील. जातीचे नाव लिहिताना ते कोणत्या खुणांवर ठरवले, हेही नोंदवावे. नुसते ‘डॉर्सालिस’ लिहिलेले दहा वर्षांनी तपासता येत नाही. आणि सापळ्यातल्या माश्या मोजून फेकून देण्याऐवजी त्यांतल्या काही तारीख, गाव आणि फळ लिहून जपाव्यात. वेगवेगळ्या देशांतले नमुने हाताशी होते म्हणूनच २०१५ चा निर्णय होऊ शकला. नाशिकच्या डाळिंबाच्या आणि वेलभाज्यांच्या पट्ट्यातून असा संग्रह उभा राहिला, तर पुढच्या वादात आपला माल रोखणाऱ्या यादीतले नाव आपल्या पुराव्यावर पारखून मागता येईल.